आयटीआयला घालण्याआधी बेंच व्हाइस बघून या

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आंबेगाव तालुक्यातलं गाव, तीन एकर बागायत, मुलाला दहावीला ५४ टक्के. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. मामा म्हणतात पुण्यात ठेवून अकरावी सायन्स करू, आयटीआयला काय, नापास पोरं जातात. आईला करंटची भीती. वडील विचारतात, तालुक्याच्या आयटीआयला रोज एसटीनं पाठवू, की पाबळच्या विज्ञान आश्रमासारख्या ठिकाणी वर्षभर राहायला ठेवू? आणि कुठंही घातला तरी पोरगा टिकेल का? जाता जाता, त्याच्यासाठी आधीच काय विकत घेऊ?

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवणारा निदेशक आहे. बावीस वर्षं झाली, सगळी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत. टिकण्याच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत.

आमच्याकडची मुलं अभ्यासामुळं गळत नाहीत. एसटी, पोट आणि लाज या तीन गोष्टींपायी गळतात, आणि गळायची असली तर बहुतेक दिवाळीच्या आत गळतात. दिवाळीनंतर जो कार्यशाळेत परत आला तो दोन वर्षं काढतो, असा माझा अनुभव.

एसटीचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे. वाडीवरची सकाळची गाडी चुकली की पुढच्या गाडीनं येणाऱ्या मुलाचा पहिला तास गेलेला असतो. त्यात वर्षाच्या परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. सुरुवातीला उत्साहानं येणारा मुलगा श्रावणातल्या पावसात दोनदा भिजून, दोनदा उशिरा येऊन बोलणी खातो आणि तिसऱ्या वेळी स्टँडवरूनच घरी वळतो. ही झाली सकाळ. संध्याकाळचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच, आणि तो कुठल्या माहितीपुस्तकात छापलेला नसतो. डांबरी रस्त्यावर उतरल्यावर वस्तीपर्यंत दीड-दोन किलोमीटर चालायचं, दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाला अंधार पडतो. माझ्या एका तुकडीत जुन्नरकडची एक मुलगी होती, हात इतका साफ की तिनं मारलेला जॉइंट मी पुढच्या तुकड्यांना दाखवायला ठेवून दिलाय. दिवाळीनंतर घरच्यांनी तिला पाठवणं बंद केलं. कारण एकच, संध्याकाळची वाट. शेवटी त्याच रस्त्यावरच्या चार मुली मिळून एक रिक्षा ठरवली तेव्हा ती परत आली. म्हणून म्हणतो, तुमच्या वस्तीपासून स्टॉप किती लांब, शेवटची गाडी किती वाजता, हे टाइमटेबल बघून नव्हे, तर आठवडाभर स्वतः त्या गाडीनं जाऊन बघा.

पोटाचं म्हणाल तर सकाळी सहाला निघणाऱ्या पोराला डबा कोण करून देणार? आई पहाटे गोठ्यात असते. मग चहा-बिस्किटावर येतात, अकराला वडापाव, दुपारी मान टाकतात. कानस मारणं हे पोटभर खाल्लेल्याचं काम आहे. पहिल्या महिन्यात चक्कर येणारी पोरं मी दरवर्षी बघतो, आणि दरवर्षी कुणीतरी पालक फोन करून विचारतं की कार्यशाळेत गॅस-बिस असतो का. गॅस नसतो, डबा नसतो.

आणि लाज. एक मुलगा दोन शर्ट घेऊन यायचा. संस्थेचा गणवेश अंगात, पिशवीत चौकटीचा दुसरा. संध्याकाळी स्टँडच्या मुतारीत जाऊन बदलायचा आणि मगच गावच्या गाडीत बसायचा. गावात त्यानं सांगून ठेवलं होतं की कॉलेजला आहे. मला हे कळायला सहा महिने लागले. मामांनी जे वाक्य तुम्हाला ऐकवलं ना, तेच वाक्य ते मूल पिशवीत घालून हिंडत होतं. मामांना दुखवू नका, पण निदान त्या पोरासमोर तो विषय पुन्हा निघू देऊ नका.

कांदा काढणीचं राहिलंच. मार्च-एप्रिलमध्ये माझी निम्मी तुकडी शेतात असते, आणि चैत्रात जत्रा सुरू झाल्या की उरलेली घाटात बारी, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, बघायला. बैलगाड्यापुढं आमचं काय चालणार! पण वर्षाची परीक्षा तोंडावर असते हे ध्यानात घ्या. कांद्याला चार दिवस ठेवून घ्या, पंधरा दिवस नको.

आता यातला माझा वाटाही सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाला मी सगळ्या तुकडीसमोर झापलं. व्हर्नियर कॅलिपरचं, म्हणजे बारीक माप घेण्याच्या हत्याराचं, वाचन दर वेळी चूक. १२.४ असेल तिथं १२४ लिहायचा. मला वाटलं टंगळमंगळ करतोय. आठवड्यानं तो यायचा बंद झाला. त्याच्या मित्राकडून कळलं की त्याला दशांश चिन्ह म्हणजे काय हेच कधी समजलं नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. दहावी पास होता. त्यानंतर मी रोज सकाळी पंधरा मिनिटं फळ्यावर नुसती गणितं घेतो: दशांश, टक्केवारी, त्रैराशिक. तो मुलगा काही परत आला नाही. ५४ टक्क्यांमध्ये तुमच्या मुलाचं गणित किती आणि भाषा किती, ते गुणपत्रक काढून बघा. गणित कच्चं असेल तर जूनपर्यंत सातवीचं पुस्तक काढून घरीच करून घ्या. दहावीचं नको, सातवीचंच.

आयटीआय की पाबळ?

दोन्ही चांगल्या, पण दोन्ही वेगळ्या कामाच्या आहेत.

आयटीआयची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, तुकडीत वीस जण. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास, त्यांतले ८४० प्रात्यक्षिकाचे. म्हणजे तीनातले दोन तास हातात हत्यार. एकच विद्या, पण खोल. शेवटी जे प्रमाणपत्र मिळतं ते महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीला चालतं, कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीला चालतं, पुढं वायरमनच्या परवान्यासाठी उपयोगी पडतं.

पाबळ म्हटलं की कुणाला मस्तानीची कबर आठवते, आम्हाला डॉ. श्रीनाथ कलबाग आठवतात. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. दुष्काळी गावात जे चालेल ते कुठंही चालेल, हा त्यामागचा विचार. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम वर्षभराचा आणि निवासी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता असलेला. मुलं चार विभागांतून फिरतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एक पोरगं या महिन्यात वेल्डिंग करतं, पुढच्या महिन्यात कोंबड्यांचं खाद्य मोजतं, त्याच्या पुढच्या महिन्यात रक्तगट तपासायला शिकतं. आणि नुसतं करून मोडून टाकायचं नाही, गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं काम करायचं. २००२ मध्ये तिथं फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक. तेव्हा आमच्या शहरातल्या भल्याभल्या कॉलेजांना तो शब्दही माहीत नव्हता.

राहण्याचा फायदा उघड आहे, वर सांगितलेले एसटी आणि डबा दोन्ही प्रश्न एका दमात सुटतात. शिवाय स्वतःचं ताट घासणं, पाळीनं स्वयंपाकाला हात लावणं, खोलीतल्या यवतमाळच्या किंवा नंदुरबारच्या मुलाशी जमवून घेणं, हे शिक्षण आयटीआयला रोज घरी परतणाऱ्या मुलाला मिळत नाही. पहिले पंधरा दिवस रडतात. फोन करतात, न्यायला या म्हणून. जाऊ नका.

तर निवड कशी करायची? मुलगा ‘मला काहीतरी हाताचं करायचंय’ एवढंच म्हणत असता, तर डोळे झाकून निवासी वर्षाला घाला म्हणालो असतो. काय आवडतं ते त्याला वर्षभरात कळलं असतं, आणि गावात स्वतःचा धंदा टाकणाऱ्याला ते चार विभाग फार कामाला येतात. पण तुमचा मुलगा नेमकं इलेक्ट्रिशियन म्हणतोय. जिथं भरतीत दोन वर्षांचा ट्रेडच मागतात तिथं एक वर्षाची बहुविध पदविका चालत नाही, हे नंतर कळून उपयोग नसतो. म्हणून माझं मत आयटीआय. एसटीचं जमत नसेल तर आयटीआयजवळ तीन-चार मुलांनी मिळून खोली घ्या किंवा वसतिगृह बघा, पण ट्रेड बदलू नका.

संस्था कशी पारखायची

इमारत, बाग, भिंतीवरची सुवचनं, संगणक कक्ष, काहीही बघू नका. कामाच्या दिवशी सकाळी अकराला न सांगता जा आणि थेट फिटिंगच्या टेबलापाशी उभे राहा. बेंच व्हाइसचे, म्हणजे काम घट्ट धरायला टेबलावर बसवलेल्या शिकंज्याचे, जबडे बघा. झिजलेले, कडा गोल झालेल्या, खाली लोखंडाचा कीस सांडलेला, म्हणजे पोरं काम करतात. व्हाइसचा रंग शाबूत असेल तर तिथून काढता पाय घ्या. एका खासगी संस्थेत तपासणीच्या निमित्तानं गेलो होतो. मोटारी इतक्या चकाचक की मला वाटलं नव्याच आणल्यात. टर्मिनल बॉक्स उघडला तर नटांवर अजून कारखान्यातला ग्रीस तसाच. आणून सात वर्षं झाली होती!

दुसरं, एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, शेवटची मोटार कधी उघडलीस? तारीख नाही सांगितली तरी चालेल, पण उत्तर लगेच यायला हवं. आणि त्याच्या हाताकडं बघा.

आत काय चालतं त्याचा एक नमुना सांगतो, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. डीओएल स्टार्टरची, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीची, जोडणी हा आमच्याकडचा मोठा दिवस. तुमच्या विहिरीवर असतो तोच, हिरवं बटण, लाल बटण. मुलगा आकृती बघून वायरी जोडतो, मी तपासतो, सप्लाय देतो. तो हिरवं बटण दाबतो, कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला कॉइलवर चालणारा स्विच, खट्ट करून ओढला जातो, मोटार फिरते, चेहरा फुलतो. बटणावरचं बोट काढलं की मोटार बंद. पुन्हा दाबतो, चालू. सोडतो, बंद. वीसातले बारा-तेरा जण दरवर्षी इथंच अडकतात. मी काही सांगत नाही, खुर्ची ओढून बसतो. कुणी वायर बदलतं, कुणी बटण खराब आहे म्हणतं, कुणी शेजाऱ्याच्या बोर्डात डोकावतं. मग अर्ध्या-पाऊण तासानं एखाद्याच्या डोक्यात उजेड पडतो: कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याचाच एक जादा कॉन्टॅक्ट मिटतो, तो हिरव्या बटणाला समांतर जोडला तर बोट काढल्यावरही कॉइलला सप्लाय मिळत राहील. स्टार्टरनं स्वतःच स्वतःला धरून ठेवायचं. याला आम्ही होल्डिंग म्हणतो.

त्याच दिवशी मी विचारतो, गावाकडं स्टार्टरमध्ये काडी खुपसलेली कुणी बघितलीय? सगळे हात वर. मग ती काडी काय करते ते उलगडतं. काडीनं स्टार्टर जबरदस्तीनं दाबून धरला की जादा करंट खेचला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले ट्रिप झाला तरी स्टार्टर सुटत नाही. रात्री एक फेज गेला, मोटार दोन फेजवर घुरघुरत राहिली, सकाळी वायंडरकडं. मंचर-नारायणगावच्या वायंडिंगच्या दुकानांत त्या मोटारींची रांग असते. पुढच्या रविवारी चार-पाच जण तरी घरच्या स्टार्टरमधली काडी काढून येतात आणि वडिलांची बोलणी खातात. तुमच्याकडं काडी असेल तर आत्ताच सांगून ठेवतो, तयारीत राहा.

आईंची भीती

भीती योग्य आहे. फक्त ती चुकीच्या जागी आहे. पहिले काही महिने आम्ही चालू सप्लायला बोटही लावू देत नाही. कानस, करवत, गुण्या, मग वायरचे जॉइंट. लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं म्हणून हात घालायचा नाही, स्वतः टेस्ट लॅम्प लावून बघायचं, हे इतक्या वेळा घोकून घेतो की पोरं मागं नक्कल करतात. आईंना एक विचारा, आपला मुलगा आजच डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज टाकायला जातो का? आपल्या भागातला दहावी झालेला बराचसा पोरगा जातो, ओल्या पायांनी, हातात काठी घेऊन. रात्रीच्या पाळीची लाइट आली की पाणी धरायला तोच अंधारात बटण दाबतो. खरा धोका तिथं आहे, कार्यशाळेत नाही. शिकून आला तर निदान अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं असतं एवढं तरी घरात कुणाला कळेल.

मामांचा मुद्दा

पुढं शिकायचा मार्ग यानं बंद होत नाही, हे मामांना सांगा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला इंजिनिअरिंग पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. माझ्या प्रत्येक तुकडीतले दोन-तीन जण जातात. तिथं गणितात धापा टाकतात, पण प्रॅक्टिकलला बारावीवाल्यांना तेच शिकवतात. ५४ टक्क्यांवर पुण्यात खोली, मेस, क्लास एवढा खर्च करून अकरावी सायन्स, हा हिशोब मात्र तुम्ही स्वतः कागदावर मांडून बघा. मी त्यात पडत नाही.

कामाचं म्हणाल तर चाकण, रांजणगाव, तळेगाव जवळच आहेत. ट्रेड झाला की १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली वर्षभर कंपनीत काढावं, विद्यावेतनही मिळतं. इथं एक फसगत होते ती सांगून ठेवतो. गेटवर ठेकेदार ‘ट्रेनी’ म्हणून घेतो आणि पोराला पॅकिंगच्या लाइनवर उभं करतो. वर्षभर खोकी चिकटवून बाहेर पडलेला इलेक्ट्रिशियन टेस्टर धरायचा विसरलेला असतो. शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का, त्यावर ट्रेड कोणता लिहिलाय, हे सहीआधी बघायचं. महिन्याला दोन हजार कमी मिळाले तरी मेंटेनन्स खात्यातली जागा घ्यावी.

कंपनी नको असेल तर गावातच काम थोडं नाही. २०१९ मध्ये कुसुम योजना आल्यापासून सौर पंपांचं पेव फुटलंय, कारण सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्केच भरावे लागतात. पंप बसवून माणसं निघून जातात, आणि सहा महिन्यांनी कंट्रोलरवर काहीतरी एरर आला की शेतकरी फोन लावत बसतो. माझ्याकडून शिकून गेलेला एक जण नुसती अशीच कामं करतो. मोटारसायकलवर मल्टिमीटर आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), दुकान नाही, बोर्ड नाही. परवा त्याला नव्या तुकडीशी बोलायला बोलावलं तर म्हणाला, सर, बुधवारी नको, बुधवारी मला वेळच नसतो.

राहता राहिला तुमचा शेवटचा बारीक प्रश्न, आधीच काय विकत घेऊ. टूलकिट घेऊ नका. दुकानदार जे लाल पेटीतलं देतो त्यातली पक्कड महिन्यात सैल होते. कोणती घ्यायची ते निदेशक सांगेल तेव्हा घ्या. बूट मात्र आत्ता घ्या, रबरी सोलचे, जाड. नवे बूट चावतात आणि चावले की पोरं चपला घालून कार्यशाळेत येतात, मग मी त्यांना दारातूनच परत पाठवतो. म्हणून प्रवेशाआधी पंधरा दिवस ते घालून त्याला शेतात हिंडू दे. एक माप मोठं घ्या, या वयात पाय वाढतो.